खारपाणपट्ट्यातील जुन्या रस्त्याची गिट्टी: एका वाळवणीच्या ओट्याचे प्रकरण

खारपाणपट्ट्यात दगड नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात गाळाची माती इतकी खोल आहे की विहीर खणताना खडक लागत नाही, आणि जे पाणी लागते ते खारे निघते. त्यामुळे इथल्या घरांच्या पायात, नाल्यांच्या भिंतींत आणि गल्लीतल्या सिमेंट रस्त्यांत पडलेला गिट्टीचा प्रत्येक खडा कधी ना कधी बाहेरून गाडीने आलेला असतो. दर्यापूर तालुक्यातील ज्या गावाचे हे प्रकरण आहे, तिथे सर्वांत जवळचे क्रशर सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. अशा गावात नव्या जलवाहिनीसाठी गल्लीतला सिमेंट रस्ता सुमारे ४५० मीटर लांबीत फोडला गेला आणि त्याचे तुकडे नाल्याच्या काठावर ढीग करून टाकले गेले, तेव्हा तो ढीग गावकऱ्यांना मलबा वाटला. सरपंचताईंना मात्र तो वेगळा दिसला. त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, “सर, हे दगड आपणच पैसे देऊन आणले होते ना? मग हे फेकायचे कशाला?”

मी एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेला शिकवतो आणि हे गाव माझ्या आजोळचे असल्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. ग्रामपंचायतीला तूर, हरभरा आणि सोयाबीन वाळवण्यासाठी गोदामाशेजारी २० मीटर लांब व १५ मीटर रुंद असा पक्का ओटा बांधायचा होता. रस्त्याच्या तुकड्यांची गिट्टी करून ती या ओट्यात किती घालता येईल, आणि घातली तर काँक्रीटचे यांत्रिक गुणधर्म कुठे व किती बदलतील, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

हिशेब सोपा होता. खंदक सरासरी ६० सेंटिमीटर रुंद, रस्त्याची जाडी १५ सेंटिमीटर, म्हणजे फोडलेले काँक्रीट सुमारे ४० घनमीटर आणि वजनाने ९५ टनांच्या आसपास. भरडल्यावर यातला मोठा भाग चुरा होऊन जातो, त्यामुळे २० मिलिमीटरची चाळण पार करून ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारी गिट्टी निम्म्याच्या आसपास हाती लागेल, असे मी धरले होते आणि तो अंदाज फारसा चुकला नाही.

नियमाची चौकट आधी तपासली. काँक्रीटच्या गिट्टी-रेतीसाठीचे भारतीय मानक, आयएस ३८३, याच्या २०१६ च्या आवृत्तीने पुनर्वापराच्या गिट्टीला पहिल्यांदा स्पष्ट जागा दिली. त्यात दोन प्रकार वेगळे केले आहेत. निव्वळ जुन्या काँक्रीटपासून भरडलेली गिट्टी साध्या, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ पर्यंतच्या प्रतीत (‘एम’पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांनी अपेक्षित दाबाची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये) २० टक्क्यांपर्यंत आणि एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के वापरता येते. विटा, फरशी, प्लास्टर असे सगळे मिसळलेल्या पाडकामाच्या मलब्याची गिट्टी मात्र केवळ भरावाच्या काँक्रीटमध्ये चालते. नाल्याकाठच्या ढिगात कुणीतरी पडलेल्या भिंतीच्या विटाही आणून टाकल्या होत्या, त्यामुळे हा फरक कागदावरचा राहिला नाही. पहिले दोन दिवस चार बाया नुसत्या विटा, प्लास्टिक आणि खर्र्याच्या पन्न्या वेचत बसल्या होत्या.

ओट्याची रचना या चौकटीत बसवली. खाली १० सेंटिमीटर एम १० चे भरावाचे काँक्रीट, ज्यात सगळी गिट्टी जुनी. त्यावर प्लास्टिकचा जाड कागद. आणि वर १२.५ सेंटिमीटर जाडीचे एम २० चे साधे काँक्रीट, ज्यात वजनाने एकचतुर्थांश गिट्टी जुनी. सळई कुठेच नाही. सळई का नाही याचे कारण पुढे येईल.

गिट्टी हातात घेतल्यावर

जॉ क्रशर भाड्याने आणून तुकडे भरडण्याआधी ते ठोकून पाहिले. गावातला रस्ता एकाच वेळी झालेला नव्हता, तुकड्यातुकड्याने वेगवेगळ्या ठेक्यांत झाला होता, आणि ते हातोडी मारताच कळत होते. बहुतेक तुकडे हातोडीला टणटण वाजत होते. मंदिराजवळच्या सुमारे ६० मीटरच्या भागातले तुकडे मात्र थप्प असा आवाज करून कोपऱ्यांतून ढासळत होते आणि नखाने उकरले तरी सिमेंटची पूड निघत होती. तो भाग मी पूर्ण बाजूला काढून भरावाच्या काँक्रीटसाठी ठेवला. जुन्या गिट्टीचा दर्जा मूळ काँक्रीटच्या दर्जावर अवलंबून असतो, हे वाक्य पुस्तकात एका ओळीत येते; ढिगापाशी त्यासाठी एक अख्खी दुपार लागली.

भरडलेल्या गिट्टीचा एक खडा घेऊन पाहा. त्याची एक बाजू काळ्या बेसाल्टची, क्रशरच्या जबड्याने नव्याने फुटलेली आणि धारदार असते. दुसऱ्या बाजूला जुना करडा मसाला घट्ट चिकटलेला असतो आणि त्यात रेतीचे पांढरे कण डोळ्यांना दिसतात. असा खडा काचेच्या पेल्यातील पाण्यात सोडला की बेसाल्टच्या बाजूने काहीच होत नाही, पण मसाल्याच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची माळ बराच वेळ वर येत राहते. ते बुडबुडे म्हणजे मसाल्याच्या छिद्रांतून बाहेर पडणारी हवा, आणि तिच्या जागी शिरणारे पाणी. या गिट्टीच्या काँक्रीटचे जवळजवळ सगळे गुणदोष त्या चिकटलेल्या मसाल्यातून येतात. तो दगडापेक्षा हलका, सच्छिद्र आणि मऊ असतो. शिवाय नव्या काँक्रीटमध्ये असा खडा बसला की त्याच्याभोवती दोन कमकुवत सांधे तयार होतात: एक दगड आणि जुना मसाला यांच्यातला मुळातलाच सांधा, आणि दुसरा जुना मसाला व नवा मसाला यांच्यातला.

तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत जलशोषण मोजले. चोवीस तास भिजवून, कापडाने पुसून घेतलेल्या गिट्टीचे वजन २,१२० ग्रॅम भरले; भट्टीत वाळवल्यावर तेच २,००० ग्रॅम झाले. म्हणजे शोषण ६ टक्के. क्रशरवरून आलेल्या नव्या बेसाल्ट गिट्टीचे शोषण १ टक्का होते. आयएस ३८३ मध्ये शोषणाची सर्वसाधारण मर्यादा ५ टक्के असून पुनर्वापराच्या गिट्टीला ती १० टक्क्यांपर्यंत सैल केली आहे, पण मिश्रणाआधी गिट्टी भिजवण्याच्या अटीवर. ती अट मी वाचली होती. तिचे वजन मात्र पहिल्या चाचणीच्या दिवशीच समजले.

आघातमूल्याची, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी गिट्टीचा किती टक्के चुरा होतो याची, चाचणीही घेतली. नव्या गिट्टीचे १३ टक्के आले, जुनीचे २४. ज्या पृष्ठभागावर झीज होते त्यासाठी मर्यादा ३० टक्क्यांची आहे आणि ओट्यावर थ्रेशर, ट्रॅक्टर, बैलगाडी हे सगळे फिरणार, म्हणून हाच निकष लावायला हवा होता. जुनी गिट्टी त्यात बसली. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, नव्या गिट्टीचे २.८५ आणि जुनीचे २.४० आले.

पहिली चाचणी आणि बादलीभर पाणी

होळी झाल्यावर, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, गावातच मिक्सर लावून पहिले मिश्रण केले. जमीन आणि भूजल दोन्ही खारे असल्यामुळे काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक, आयएस ४५६, याच्या हिशेबाने ही परिस्थिती ‘तीव्र’ गटात धरली होती, आणि त्या गटात साध्या काँक्रीटलाही एम २० ची प्रत व जास्तीत जास्त ०.५० इतके पाणी-सिमेंट गुणोत्तर लागते. म्हणून एका पोत्याच्या, म्हणजे ५० किलो सिमेंटच्या मिश्रणाला २५ लिटर पाणी, १०० किलो रेती आणि १८० किलो गिट्टी असे प्रमाण बांधले होते. गिट्टीपैकी ४५ किलो जुनी होती. मिश्रण जास्त पाण्याविना सैल राहावे म्हणून थोडे प्लास्टिसायझर हे रसायन होते.

मिक्सरमधून पहिला माल बाहेर पडला तेव्हा तो ठीक दिसत होता. घमेल्यांनी वाहून, साच्यांपर्यंत नेऊन, रॉड चालवायला घेईपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली असतील, आणि तेवढ्यात तो आवळून आला. मालाचा सैलपणा मोजण्याच्या स्लम्प शंकूतून काढलेला गोळा जसाच्या तसा उभा राहिला. मी साच्यांपाशी वाकलेलो असताना मिस्त्रीने पुढच्या मालात, त्याच्या आजवरच्या सवयीप्रमाणे, एक बादली पाणी ओतले. बादली आठ लिटरची होती. माल पुन्हा मऊ झाला आणि साचे भरले गेले. मी पाहिले, आणि थांबवले नाही. उन्हाचा पारा चाळिशीकडे झुकलेला होता आणि पंधरा माणसे माझ्याकडे पाहत उभी होती, हे कारण मी स्वतःला तेव्हा दिले. आज ते पुरेसे वाटत नाही.

१५ सेंटिमीटरच्या तीन ठोकळ्यांनी २८ दिवसांनी ४५५, ४७० आणि ४९० किलोन्यूटन भार घेतला. ठोकळ्याचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणून सरासरी दाबाची ताकद सुमारे २१.० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एम २० मधला ‘२०’ ओलांडला, म्हणून गावात आनंद झाला. पण एम २० साठी मिश्रण बांधताना लक्ष्य २० चे नसते. प्रमाणित विचलन, म्हणजे ठोकळ्या-ठोकळ्यांतल्या चढउताराचे माप, ४ धरले तर २० अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे २६.६ इतकी सरासरी गाठावी लागते. तरच शंभरातले पंचाण्णव ठोकळे २० च्या वर राहतील, असे म्हणता येते. आम्ही त्या लक्ष्यापेक्षा साडेपाच न्यूटनांनी खाली होतो.

सगळ्यांनी, अगदी तंत्रनिकेतनातल्या एका सहकाऱ्यानेही, दोष जुन्या गिट्टीच्या माथी मारला. सात दिवसांचे ठोकळे फुटले तेव्हाच मला संशय आला होता, म्हणून मी पाण्याचा हिशेब मांडून बसलो होतो. तो असा. ४५ किलो जुनी गिट्टी ६ टक्क्यांनी २.७ लिटर पाणी पिते. १३५ किलो नवी गिट्टी १ टक्क्याने सुमारे १.३५ लिटर पिते. दोन्ही मिळून चार लिटर. आम्ही गिट्टी उन्हात तापलेली आणि कोरडी ठणठणीत घातली होती, आणि या चार लिटरांची तरतूद केली नव्हती. जुनी गिट्टी हे पाणी किती लवकर पिते ते नंतर तपासले: जे नमुने चोवीस तासांत १२० ग्रॅम पाणी घेतात, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच ९० ग्रॅम घेतले. म्हणून तो माल नेमका साच्यापाशी पोहोचेपर्यंत आवळला.

मिस्त्रीला माल आवळलेला दिसला तो खराच होता. चूक त्यापुढची होती. गिट्टीने चार लिटर प्यायले आणि आपण आठ लिटर पाजले. उरलेले चार लिटर सिमेंटच्या मसाल्यात राहिले. २५ अधिक ८ म्हणजे ३३, त्यातून चार वजा करता २९ लिटर. ५० किलो सिमेंटला हे गुणोत्तर ०.५८ होते. ०.५० च्या ऐवजी ०.५८ ने नव्या बेसाल्टचे काँक्रीटही तेवढेच घसरले असते.

हा हिशेब मी मिस्त्रीला सांगू लागलो तेव्हा त्याने मला मध्येच थांबवले. तो म्हणाला, “सर, वीट लावाच्या आंधी आपन तिले पान्यात बुडवतो. नाई बुडवली तं थे सारा मसाला सुकवून टाकते. मंग ह्या गिट्टीले काहून कोरडी घातली?” मानकातली जी अट मी वाचून सोडून दिली होती, ती त्याच्या हाताला वीस वर्षांपासून ठाऊक होती, फक्त ती गिट्टीलाही लागू होते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

पुन्हा घेतलेले ठोकळे

मार्चअखेर प्रयोगशाळेत तीन मिश्रणे केली. सिमेंट, रेती आणि शोषणापलीकडचे २५ लिटर पाणी तिन्हींत सारखे ठेवले. पहिल्यात सगळी नवी गिट्टी, दुसऱ्यात २५ टक्के जुनी, आणि तिसऱ्यात १०० टक्के जुनी. तिसरे मिश्रण ओट्यात वापरायचे नव्हते, पण टोकाला काय होते ते डोळ्यांनी पाहायचे होते. त्या मिश्रणात कोरडी गिट्टी घातली असती तर एका पोत्यामागे तिने १०.८ लिटर पाणी प्यायले असते, म्हणजे सिमेंटसाठी मोजलेल्या पाण्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. गिट्टी आदल्या संध्याकाळी भिजवून, ओल्या बारदानाखाली रात्रभर ठेवली आणि सकाळी वरचे पाणी निथळू दिले, म्हणजे खडा आतून भरलेला पण वरून चकाकत नाही, अशा अवस्थेत.

मिश्रणाचा क्रमही बदलला. आधी रेती, गिट्टी आणि निम्मे पाणी फिरवून घेतले, मग सिमेंट, आणि शेवटी उरलेले पाणी. पाणी दोन टप्प्यांत देण्याची ही रीत हाँगकाँगमधील संशोधकांनी २००५ मध्ये मांडली होती, आणि तिचा आधार असा की पहिल्या टप्प्यात गिट्टीच्या छिद्रांवर सिमेंटचा दाट थर बसतो व नव्या मसाल्याशी होणारा तिचा सांधा सुधारतो. आमच्या मिश्रणात तिचा वेगळा वाटा किती होता हे मोजण्याइतके ठोकळे आम्ही घेतले नाहीत.

२८ दिवसांनी नव्या गिट्टीच्या ठोकळ्यांनी ६४०, ६१५ आणि ६५० किलोन्यूटन घेतले; सरासरी २८.२. पंचवीस टक्क्यांच्या ठोकळ्यांनी ५९०, ६०५ आणि ६२०, सरासरी २६.९. शंभर टक्क्यांच्या ठोकळ्यांनी ५२०, ५३५ आणि ५००, सरासरी २३.०. म्हणजे चौथा हिस्सा जुनी गिट्टी घातल्याने ताकद सुमारे ५ टक्क्यांनी घटली, आणि सगळीच जुनी घातल्याने १८ टक्क्यांनी. त्याच पंचवीस टक्क्यांच्या मिश्रणात एका बादलीने घटवलेली ताकद सुमारे २२ टक्क्यांची होती.

तीन-तीन ठोकळ्यांवरून पाच टक्क्यांचा फरक ठामपणे सांगता येत नाही. एवढा फरक कधीकधी एकाच घमेल्यातल्या दोन ठोकळ्यांतही निघतो. पण कल जगभरच्या निष्कर्षांशी जुळतो: २० ते ३० टक्क्यांपर्यंत बदल नगण्य, आणि संपूर्ण बदलीला दाबाची ताकद साधारण १० ते २५ टक्के कमी. फुटलेल्या ठोकळ्यांच्या आतला भाग अधिक बोलका होता. नव्या गिट्टीच्या ठोकळ्यांत तडा बहुतेक ठिकाणी गिट्टीला वळसा घालून मसाल्यातून गेला होता. शंभर टक्क्यांच्या ठोकळ्यांत तो जुन्या मसाल्याच्या आरपार गेला होता, जणू त्याला वळसा घालण्याची गरजच पडली नव्हती.

इथे मिश्रणाच्या हिशेबातली एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती बहुधा सुटते. जुनी गिट्टी हलकी असल्यामुळे ४५ किलो बेसाल्ट जिथे १५.८ लिटर जागा घेतो, तिथे ४५ किलो जुनी गिट्टी १८.८ लिटर घेते. वजनाने बदली केली की एका पोत्यात तीन लिटर काँक्रीट जास्त तयार होते, आणि एका घनमीटरमागे सिमेंट तेवढे कमी पडते. शंभर टक्क्यांना हा फरक दुर्लक्षिण्यासारखा राहत नाही. मानकाची टक्केवारी वजनात आहे, पण मिश्रण बांधताना आकारमानाचाही हिशेब ठेवलेला बरा. गंमत अशी की घमेल्याने माप घेणारा मिस्त्री हा हिशेब नकळत बरोबर करतो. (रेतीच्या बाबतीत तोच घमेला घात करतो, कारण ओली रेती फुगते, पण तो विषय वेगळा.)

ओट्याला काय लागते

दाबाची ताकद ही ओट्याची खरी परीक्षा नव्हे. जमिनीवर टेकलेल्या स्लॅबला दाबाने काही होत नाही. तो मोडतो तो वाकल्यामुळे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि स्लॅबला कधी मध्ये तर कधी कडेला आधाराविना सोडते. म्हणून वाकवण्याच्या चाचणीसाठी १५ सेंटिमीटर चौकोनी, ७० सेंटिमीटर लांब तुळया केल्या होत्या. ६० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर, तिसऱ्या हिश्शांवर भार देऊन नव्या गिट्टीची तुळई २२ किलोन्यूटनला मोडली, पंचवीस टक्क्यांची २१ ला आणि शंभर टक्क्यांची १९ ला. ताकदीत मांडले तर ३.९, ३.७ आणि ३.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आयएस ४५६ च्या सूत्राने एम २० साठी ३.१ अपेक्षित असते. वाकवण्यातली घट दाबातल्या घटीपेक्षा थोडी कमी आहे, आणि असे बऱ्याच ठिकाणी दिसते. त्याचे एक कारण क्रशरने फोडलेल्या या गिट्टीचा खडबडीतपणा असावा. खरखरीत खड्याला मसाला चांगला धरतो.

स्थितिस्थापकत्व गुणांक, म्हणजे काँक्रीटचा ताठपणा, मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही. मात्र याच गुणधर्मात जुन्या गिट्टीमुळे सर्वांत मोठी घट होते, हे सर्वमान्य आहे. संपूर्ण बदलीला ती १५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. कारण सरळ आहे: काँक्रीटचा ताठपणा मुख्यतः गिट्टीचा असतो, आणि इथे गिट्टीचा काही भाग दगड नसून जुना मसाला असतो. घराच्या तुळईसाठी ही वाईट बातमी आहे, कारण ती जास्त झुकेल. ओट्यासाठी ती तितकी वाईट नाही. विदर्भाच्या उन्हात स्लॅबचा वरचा पृष्ठ तापतो, खालचा थंड राहतो, आणि त्या फरकाने येणारा ताण ताठपणाच्या प्रमाणात वाढतो. किंचित लवचीक स्लॅबला तो ताण कमी लागतो. दाबाच्या ताकदीचा आकडा पाहून ही गिट्टी ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ ठरवणाऱ्यांना हा भाग दिसत नाही, कारण ठोकळा फोडण्याच्या यंत्रावर तो उमटतच नाही.

आकुंचन मात्र खरा शत्रू होता. जुना मसाला स्वतः आक्रसतो आणि नव्या मसाल्याला आक्रसण्यापासून दगडाइतका रोखतही नाही, त्यामुळे वाळताना होणारे आकुंचन वाढते. १२.५ सेंटिमीटर जाडीला तीन ते पावणेचार मीटरवर सांधे देण्याची रीत आहे. आम्ही ते अडीच मीटरवर आणले. ओट्याचे अठ्ठेचाळीस चौकोन झाले. ते एकाआड एक भरले.

आता सळईविषयी. रस्ता कित्येक वर्षे खाऱ्या जमिनीवर पडून होता आणि जमिनीतला क्षार ओलाव्याबरोबर वर चढून जुन्या मसाल्याच्या छिद्रांत साठलेला असणार. काही तुकड्यांच्या खालच्या पृष्ठावर पांढरी पूड बोटाला लागत होती. आयएस ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरमागे ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, तर बिनसळईच्या काँक्रीटमध्ये ३ किलोपर्यंत चालते. हाच फरक मला निर्णायक वाटला. उरलेल्या गिट्टीतून नालीवरची झाकणे करावीत असे सरपंचताईंचे म्हणणे होते आणि मानकाच्या टक्केवारीत ते बसतही होते, पण मी त्याला नकार दिला. दुसऱ्या गावच्या, खडकाळ जमिनीवरच्या रस्त्याची गिट्टी असती तर कदाचित दिला नसता.

क्षाराचा हाच मुद्दा भिजवण्याच्या पाण्यालाही लागू होता. गावातल्या बोअरचे पाणी खारे होते, आणि त्यात गिट्टी भिजवणे म्हणजे नको तो क्षार खड्याच्या पोटात भरणे. काँक्रीटच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे ४०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. क्लोराइडची मर्यादा बिनसळईच्या कामाला २,००० आणि सळईच्या कामाला ५०० मिलिग्रॅम. नळाचे गोडे पाणी वापरायचे म्हटले तर मे महिन्यात ओट्यावर गोडे पाणी ओतणार का, असा प्रश्न ग्रामसभेत आला आणि तो रास्तच होता. उत्तर आकड्यात दिले. वरच्या थराचे काँक्रीट ३७.५ घनमीटर, त्यात जुनी गिट्टी साडेअकरा टन, आणि ती सहा टक्क्यांनी पिणार सातशे लिटर. खालच्या थराच्या गिट्टीसह सगळे धरले तरी टँकरच्या एका फेरीत भागले.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मृग लागण्याच्या आधी, ओटा झाला. माल पहाटे पाच ते साडेनऊपर्यंत टाकायचा आणि नंतर हात लावायचा नाही, असे ठरले होते. आदल्या संध्याकाळी गिट्टी भिजवण्याचे काम मिस्त्रीने स्वतःकडे घेतले आणि बादली मिक्सरपासून लांब, गोदामाच्या भिंतीपाशी पालथी ठेवली. तराई चौदा दिवस ओल्या बारदानावर केली. तुलना व्हावी म्हणून पूर्वेकडची आठ चौकोनांची एक रांग मुद्दाम नव्या गिट्टीची ठेवली होती.

ओट्यावर दोन हंगाम वाळले आहेत. पृष्ठावर धूळ सुटलेली नाही. अपवाद दोन चौकोनांचा, जिथे बारदाना वाऱ्याने उडाला आणि एक दुपार कोरडी गेली. ते दोन्ही चौकोन जुन्या गिट्टीचे आहेत, पण शेजारचे जुन्या गिट्टीचेच चौकोन ठणठणीत असल्याने दोष तराईचा धरतो. तडे दोन ठिकाणी आहेत. एक जुन्या गिट्टीच्या चौकोनात, मधोमध, केसाएवढा, आणि तो आकुंचनाचा दिसतो. दुसरा पूर्वेच्या नव्या गिट्टीच्या रांगेत, कोपऱ्यातून तिरपा गेलेला, जिथे गोदामाच्या छपराची पन्हाळ नेमकी ओट्याच्या कडेला पडते आणि खालची माती फुगते. हा दुसरा तडा अधिक रुंद आहे, पण त्यावरून नवी गिट्टी वाईट असे कुणी म्हणणार नाही, आणि पहिल्यावरून जुनी वाईट असेही म्हणता येत नाही. पन्हाळ वळवली आहे. दोन्ही तड्यांच्या टोकांना मिस्त्रीने खिळ्याने आडवी रेघ ओढून तारीख कोरली आहे. यंदाचा पाऊस ओसरल्यावर टोके त्या रेघांपुढे सरकली आहेत का, ते मोजायचे आहे.